शाळेच्या अमृतमहोत्सव समितीस खुले पत्र: घरात मिळवलेल्या यशालाही पान द्या

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि स्मरणिका मंडळाचे सर्व सभासद,
अमृतमहोत्सव समिती

सप्रेम नमस्कार.

स्मरणिकेतल्या 'यशवंत माजी विद्यार्थी' या विभागासाठी तुम्ही पाठवलेला फॉर्म मिळाला. गिरणगावातली एक मराठी शाळा पंचाहत्तर वर्षं टिकते, तिचे जुने विद्यार्थी वर्गणी काढून हॉल घेतात, स्मरणिका छापतात, याचा मला मनापासून आनंद आहे. आजूबाजूच्या कितीतरी मराठी शाळांच्या तुकड्या एकेक करत बंद झालेल्या आपण पाहिल्या. तुमच्या कष्टांची मला जाणीव आहे. तुम्ही मन लावून काम करता आहात म्हणूनच तुम्हाला लिहावंसं वाटलं.

फॉर्ममध्ये पाच रकाने आहेत. सध्याचं पद, संस्थेचं नाव, परदेशातलं वास्तव्य, मिळालेले पुरस्कार आणि शेवटी 'उल्लेखनीय कामगिरी'. पहिल्या चारांची उत्तरं सोपी आहेत. राष्ट्रीयीकृत बँकेत १९८८ साली क्लार्क म्हणून लागलो, हेड कॅशियर म्हणून लवकरच निवृत्त होईन. परदेशी गेलेलो नाही. पुरस्कार मिळालेला नाही. पाचव्या रकान्यात लिहिण्यासारखं मात्र माझ्याकडे पुष्कळ आहे. ते या विभागात बसणार नाही, असं समितीतल्या एका मित्रानं फोनवर सांगितलं. "नोकरीतलं काहीतरी लिही," म्हणाला. म्हणून जे लिहायचं ते सगळ्यांसमोर लिहितोय.

मी यशस्वी माणूस आहे. हे मी पूर्ण विचार करून म्हणतोय, आणि त्या यशाचा माझ्या पदाशी जवळजवळ काही संबंध नाही.

आधी प्रमोशनचं सांगतो, कारण बँकेतल्या माणसाला लोक पहिलं तेच विचारतात. आमच्या वेळी बीएसआरबीची, म्हणजे बँक भरती मंडळाची, परीक्षा देऊन बरीच मराठी मुलं बँकेत लागली. क्लार्कला ऑफिसर व्हायचं तर लेखी परीक्षा, मुलाखत, मग स्केल वन, म्हणजे ऑफिसरची पहिली श्रेणी. पगार वाढतो, खुर्ची बदलते आणि बदलीची ऑर्डर हातात पडते. क्लार्क शहरातल्या शहरात राहू शकतो, ऑफिसरला पाठवतील तिथे जावं लागतं. माझ्याबरोबरचे कुणी विदर्भात गेले, कुणी ओडिशात, कुणी उत्तर प्रदेशातल्या खेडेगावच्या शाखेत. त्यांतल्या काहींनी तिथे उत्तम काम केलं आणि पुढे मोठ्या पदांवर पोचले. मी लेखी परीक्षा पास झालो होतो. मुलाखतीला गेलो नाही, आणि पुढे अर्जही केला नाही.

शाखेत त्यावरून बरीच चर्चा झाली. प्रमोशन नाकारलेल्या बायका आमच्याच शाखेत होत्या. त्यांना कुणी कारण विचारलं नव्हतं. घर आहे, मुलं आहेत, नाकारणारच, असं सगळे धरून चालले होते. मला मात्र मॅनेजरसाहेबांपासून शिपायापर्यंत प्रत्येकानं विचारलं. घरी काही अडचण आहे का? तब्येत बरी आहे ना? मला घरी राहायचंय, घरच्यांबरोबर राहायचंय, हे पुरुषाच्या तोंडून ऐकायची कुणाला सवयच नव्हती. आजही फारशी नाही.

त्या वेळी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगवायूचा झटका येऊन काही महिने झाले होते. उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती. आई थकलेली. बायको महापालिकेच्या शाळेत शिक्षिका, तिची सकाळची शाळा. मुलगी जेमतेम बोलायला लागलेली. एवढं सांगितलं की लोक म्हणतात, बरोबर आहे, अडचणच होती. पण अडचण होती म्हणून मी थांबलो नाही. दिवसभरासाठी माणूस ठेवता आला असता, पुष्कळ जण ठेवतात आणि त्यात वावगं काही नाही. मला अण्णांजवळ राहायचं होतं. का, ते गिरणगावच्या शाळेतल्या लोकांना सांगायला सोपं आहे.

अण्णा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. आपल्या वर्गातल्या निम्म्याअधिक मुलांचे वडील गिरणीत, त्यामुळे पाळ्या म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. पहिल्या पाळीला ते आम्ही उठायच्या आत बाहेर पडत. दुसऱ्या पाळीला आम्ही शाळेतून यायच्या आधीच गेलेले असत, आणि मध्यरात्री परतत. रातपाळीच्या आठवड्यात ते दिवसा खोलीत झोपलेले आणि आम्ही भावंडं गॅलरीत, आवाज न करता. दहा बाय बाराच्या खोलीत बाप चार हातांवर असायचा आणि तरी भेटायचा नाही.

मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. मी नववीत होतो. त्या वर्षांबद्दल तुमच्या स्मरणिकेत कुणीतरी सविस्तर लिहायलाच हवं: वाण्याची उधारी, गावी पाठवून दिलेली भावंडं, आईनं मोडलेल्या पाटल्या. माझ्या लक्षात राहिलेली गोष्ट वेगळी आहे. त्या वर्षी अण्णा पहिल्यांदा माझ्या वह्या उघडून बसले. स्वतः चौथी शिकलेले. बीजगणित त्यांना कळत नव्हतं, पण अक्षर बघायचे, आणि शाई फुटलेलं पान दिसलं की त्यावर बोट ठेवून माझ्याकडे बघायचे. संप कुणी रीतसर मागे घेतला नाही, तो विरत गेला. अण्णांना गिरणीनं परत घेतलं नाही. पुढची वर्षं त्यांनी वरळीच्या एका इमारतीत बारा बारा तास वॉचमनची ड्यूटी केली. आम्हा दोघांना निवांत बसायला वेळ मिळाला तोपर्यंत त्यांचं बोलणं गेलं होतं.

दर रविवारी सकाळी मी त्यांची दाढी करायचो. गॅलरीत उजेडाच्या बाजूला स्टूल, खांद्यावर टॉवेल, कपात कोमट पाणी. लकवा मारलेल्या बाजूचा गाल सैल पडतो, त्यावर ब्लेड नीट चालत नाही. दोन बोटांनी कातडी कानाकडे ताणून धरावी लागते, आणि ओठाचा कोपरा ओघळलेला असतो तिथे पुसत पुसत जावं लागतं. खालच्या ओठाखालच्या खळग्यात हटकून चार खुंट राहायचे. अण्णा डाव्या हाताच्या बोटानं तिथे टकटक करायचे: राहिलंय. मुलगी हातआरसा दोन्ही हातांनी धरून उभी असायची. आरसा हलला की ते तिच्याकडे बघून डोळे मोठे करायचे, आणि तिला एवढं हसू यायचं की आरसा आणखी हलायचा. शेवटी तुरटी फिरवली की अण्णा हात वर करून माझ्या गालावरून फिरवायचे, माझी दाढी झाली आहे की नाही ते बघायला. मी लहान असताना माझ्या गालावर हात फिरवायला त्यांना सवड मिळाली असेल का, मला आठवत नाही.

हे काही वर्षं चाललं. अण्णा गेले तेव्हा आमच्यात बोलायचं काही शिल्लक राहिलेलं नव्हतं. त्या सगळ्या वर्षांत त्यांनी एक शब्द उच्चारलेला नव्हता. 'उल्लेखनीय कामगिरी'च्या रकान्यात मी पहिलं हे लिहिलं आहे.

आता घराचं. बँकेतल्या माणसाला कमी व्याजानं गृहकर्ज मिळतं. त्या जोरावर माझ्या बरोबरीच्या बहुतेकांनी डोंबिवली, कल्याण, बदलापूर, विरार इथे फ्लॅट घेतले. मुंबईत आमच्यासारख्या पगारदाराला मोठी जागा आणि मोकळा वेळ दोन्ही एकदम परवडत नाहीत, एकच काहीतरी घ्यावं लागतं. आम्ही वेळ घेतला. लालबागची खोली ठेवली, पुढे शेजारची रिकामी झाली तेव्हा ती पागडीनं घेतली. शाखेतून सुटून व्हीटीला धीमी गाडी पकडली की करी रोड पाचवं स्टेशन. दिवेलागणीला मी घरात असायचो, तेव्हा डोंबिवलीचा सहकारी अजून गाडीच्या दारात उभा असायचा.

त्या वेळाची किंमत माझ्यापेक्षा बायकोनं जास्त मोजली, हे इथे लिहिलंच पाहिजे. सामाईक संडास, पाण्याच्या वेळा, पाहुणे आले की गॅलरीत अंथरुणं, वेगळ्या स्वयंपाकघराची वाट बघण्यात गेलेली वर्षं. निर्णय दोघांनी बसून घेतला होता. तिची शाळा चालत जाण्याच्या अंतरावर होती आणि सासूसासऱ्यांना सोडून लांब जायचं तिच्याही मनात नव्हतं. तरीही या यशात वाटे घालायचे झाले तर मोठा वाटा तिचा आहे. कणीक मळणं, भाजी निवडणं, मुलांचा अभ्यास आणि अण्णांचं सगळं मी माझ्याकडे घेतलं होतं, पण म्हणून हिशेब बरोबरीचा झाला असं मी म्हणणार नाही.

आणि नोकरीला मी कधी कमी लेखलं नाही. काउंटरवर चोख काम केलं. ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे आणि हजारच्या नोटा बंद झाल्या, त्यानंतरचे कित्येक आठवडे आम्ही रात्री उशिरापर्यंत शाखेत होतो. रांगेतल्या म्हाताऱ्या माणसांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, बोटं काळी होईपर्यंत नोटा मोजल्या. त्या दिवसांत मी घरी कमी दिसलो आणि त्याबद्दल घरात कुणी तक्रार केली नाही. कामाच्या वेळी काम करायलाच हवं. पण माणसाच्या आयुष्याचं वजन करायला बसल्यावर एका पारड्यात फक्त काम टाकायचं, हे मला पटत नाही.

दुसरी कामगिरी माझ्या मुलाची आणि माझी, दोघांची मिळून आहे. तो अकरावीत असताना सहामाहीत गणितात नापास झाला. कॉलेज सुटल्यावर घरी गेला नाही. फोर्टात आला, शाखेत शिरला आणि माझ्या काउंटरसमोरच्या रांगेत उभा राहिला. पुढे पेन्शन काढायला आलेले एक आजोबा, मागे चेक घेऊन आलेला कुठल्याशा ऑफिसातला मुलगा. आजोबांचे पैसे देऊन मी मान वर केली, तर काचेखालून स्लिपऐवजी मार्कशीट आत सरकली. शंभरपैकी सतरा. तोंडातून शब्द नाही, नजर माझ्या हातांवर. मी मार्कशीटची घडी घातली, ड्रॉवरमध्ये ठेवली, म्हटलं, "मी सुटेपर्यंत त्या बाकावर बस," आणि मागच्या मुलाचा चेक घेतला. संध्याकाळी दोघं व्हीटीपर्यंत चालत आलो, वाटेत वडापाव खाल्ला. सायन्स त्याला नको होतं, हे त्यानं तेव्हा सांगितलं. ते तो कित्येक महिने मनात घेऊन फिरत होता.

त्या वयाची मुलं मार्कशीट गादीखाली सरकवतात, सह्या स्वतःच मारतात, दिवसभर लोकलनं फिरून संध्याकाळी घरी येतात. आपल्या वर्गातही हे झालंय. माझा मुलगा वाईट बातमी घेऊन सरळ बापाच्या रांगेत येऊन उभा राहिला. मला आयुष्यात कुणी दिलेला सर्वांत मोठा मान हाच. तो एका दिवसात मिळालेला नाही. रोज संध्याकाळी घरी असलेल्या बापाला तो थोडा थोडा मिळत गेला.

मुलं पुढे काय झाली, कुठे लागली, हे मी मुद्दाम लिहीत नाही. तुमच्यापैकी काही जण तेच विचारतील, कारण 'मुलांना चांगलं वळण लावलं' याचा पुरावा म्हणून आपल्याकडे मुलांचं पॅकेज दाखवायची पद्धत पडली आहे. दोघं आपापल्या पायांवर उभी आहेत, आणि अडलं की घरी फोन करतात. माझ्या फॉर्मला तेवढं पुरेसं आहे.

"तू घरासाठी फार त्याग केलास, ते आम्हाला मान्य आहे," असं समितीतल्या मित्रानं फोन ठेवता ठेवता म्हटलं. त्याच्या मनात माया होती. पण मला ते मान्य नाही. हवी असलेली वस्तू जो सोडतो त्यानं त्याग केला. मला जे हवं होतं ते मी घेतलं, रोज घेतलं, आणि ते मिळालं याचा मला अभिमान आहे. माझी कीव करून मला मागच्या पानावर 'कौटुंबिक जबाबदाऱ्या सांभाळणारे' म्हणून एका ओळीत घालू नका.

फॉर्म आमच्या तुकडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला त्या दिवशी एका वर्गमैत्रिणीनं लिहिलं, "माझं नाव नका घालू, माझ्याकडे लिहिण्यासारखं काही नाही." गणितात ती वर्गात पहिली यायची, आठवत असेल तुम्हाला. नवऱ्याची कंपनी बंद पडली तेव्हा तिनं पोळीभाजीचे डबे देऊन घर चालवलं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, त्यांचं सगळं जागेवर केलं, आणि त्यांना पाठीला एक जखम होऊ दिली नाही. ज्यांनी घरात असं आजारपण काढलंय त्यांना कळेल हे केवढं काम आहे: दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही. हॉस्पिटलात हेच करणाऱ्या नर्सला आपण प्रशिक्षण देतो, पगार देतो, द्यायलाच हवा. तिच्या मेसेजवर समितीतून उत्तर आलं, "हरकत नाही, उपस्थितांच्या यादीत तुझं नाव असेल." लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. मला मात्र राहवलं नाही. शाळेनं हुशार म्हणून जिचं कौतुक केलं, तिच्या हुशारीचं पुढे जे जे झालं ते शाळेच्या लेखी काहीच नाही?

घर तर सगळेच सांभाळतात, त्यात विशेष काय, हा प्रश्न येणार. सगळे सांभाळत नाहीत. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरचं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, आणि असं काम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं. म्हणजे जवळजवळ पाच तास आणि दीड तास. पदाच्या आणि पुरस्काराच्या रकान्यांत ही मिनिटं कुठेच येत नाहीत, म्हणून तुमच्या यशवंतांच्या यादीत मुलींची नावं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी येतात. तुम्ही मुली वगळल्या असं माझं म्हणणं नाही. फॉर्मच असा आहे की त्या आपोआप गळतात.

आमच्या तुकडीतला एक जण आज मोठा सर्जन आहे. त्याचा सत्कार व्हायलाच हवा. चाळीतल्या कितीतरी माणसांना त्यानं पैसे न घेता तपासलंय, त्याचं नाव निघालं की आमची मान ताठ होते. तो परगावी शिकत असताना आणि नंतर रात्रंदिवस हॉस्पिटलात असताना त्याच्या आईवडिलांचं सगळं त्याच्या धाकट्या बहिणीनं बघितलं. तीही आपल्याच शाळेची. तिला फॉर्म गेला आहे का, एकदा बघा.

आपल्या शाळेनं या बाबतीत पुढाकार घ्यावा असं मला वाटतं, त्याला या जागेचाही संबंध आहे. रविवारची सुट्टी याच मुंबईच्या गिरणी कामगारांनी मिळवली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली, आणि १० जून १८९० ला ती मान्य झाली. रविवार हा खंडोबाचा वार, आणि सहा दिवस राबल्यावर माणसाला एक दिवस घरासाठी, समाजासाठी हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. मी अण्णांची दाढी ज्या रविवारी करायचो तो रविवार आयता आलेला नव्हता. आमच्या बँकेच्या ठरलेल्या वेळाही युनियननं वर्षानुवर्षं भांडून मिळवलेल्या.

आज वारं उलट दिशेला आहे. आठवड्याला ७० तास काम करा असं एक मोठे उद्योजक २०२३ साली म्हणाले, दुसऱ्यांनी २०२५ च्या सुरुवातीला ९० तासांची गोष्ट काढली आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार, असं विचारलं. त्यावर लोक रागावले, विनोद झाले, आणि विषय मागे पडला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळानं दुकानं आणि खासगी आस्थापनांतल्या कामाची मर्यादा दिवसाला ९ वरून १० तास करायला मंजुरी दिली. बाळंतपणाची रजा २०१७ पासून २६ आठवडे झाली, ही फार चांगली गोष्ट. पण खासगी नोकरीतल्या बापाला मूल झाल्यावर घरी राहायची रजा देणारा कायदा अजून नाही. केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला १५ दिवस मिळतात.

म्हणून हेही कबूल करायला हवं की मला जे मिळालं ते सगळ्यांना मिळू शकत नाही. माझी नोकरी कायम होती, वेळ ठरलेली होती, घर जवळ होतं. आमच्या चाळीतला एक मुलगा मोटरसायकलवरून जेवणाची पार्सलं पोचवतो. संध्याकाळी सात ते अकरा हा त्याच्या कमाईचा वेळ, नेमका तेव्हा त्याची लहान मुलगी जागी असते. त्याला मी 'घरच्यांना वेळ दे' असं कुठल्या तोंडानं सांगू? त्याची स्थिती माझ्या अण्णांसारखी आहे, पाळी तेवढी बदलली. घरासाठी वेळ असणं हे यश आहे असं आपण मोठ्यांनी उघड म्हटलं, शाळेच्या स्टेजवरून म्हटलं, तर तो वेळ मागायची ताकद पुढच्या मुलांना येईल. ज्याला आपण किंमतच देत नाही ते हक्कानं कोण मागेल?

आणि स्टेजसमोर कोण बसणार आहे ते आठवा. आठवी ते दहावीची मुलं आणि मुली पहिल्या रांगांत असतील. तुमचा कार्यक्रम तीन तासांचा. त्या तीन तासांत त्यांनी एकामागून एक सीईओ, डॉक्टर, अमेरिकेहून आलेले इंजिनीयर बघितले, आणि बाकीचे शंभर-दीडशे माजी विद्यार्थी खुर्च्यांवर नुसते टाळ्या वाजवताना बघितले, तर ती काय समजतील? त्यांतली बहुतेक मुलं मोठी होऊन आपल्यासारखीच साधी नोकरी करणार आहेत. त्यांनी चाळिशीत स्वतःला अपयशी समजावं असं तुम्हाला वाटत नाही, हे मला माहीत आहे.

तर माझं मागणं असं. यशवंतांचा विभाग आहे तसाच ठेवा, पण त्याला लागूनच, मागच्या पानांवर नाही, माजी विद्यार्थ्यांनी घरात जे मिळवलं त्याची पानं ठेवा. फॉर्ममध्ये सहावा रकाना घाला आणि तिथे सरळ विचारा: घरच्या कुठल्या गोष्टीचा तुम्हाला अभिमान वाटतो? पुरुषांनाही तोच फॉर्म द्या, आणि त्यांनी तो रकाना रिकामा सोडला तर फोन करून विचारा. ज्यांचा सत्कार होणार आहे त्यांना दोन मिनिटं बोलायला देणार आहात. त्यांनी त्यांतलं अर्धं मिनिट त्यांच्या कामाच्या काळात घर कोणी सांभाळलं ते नाव घेऊन सांगावं. दहावीच्या मुलांसाठी करिअर मार्गदर्शनाचं सत्र ठेवलंय, ते ठेवाच. त्यात एक वक्ता किंवा वक्ती अशी असू दे की जिला लहान भावंडं, म्हातारे आईवडील, संसार, मुलं याबद्दल अनुभवानं सांगता येईल. मुलं प्रश्न विचारतील. आपल्या वेळी विचारायची सोय नव्हती.

यासाठी लागणारं काम मी करायला तयार आहे. मजकूर गोळा करीन, ज्यांना लिहायची सवय नाही त्यांच्याकडून ऐकून लिहून घेईन, मुद्रितं तपासीन. वाढलेल्या पानांचा खर्च जाहिरातींतून निघणार नसेल तर आमची तुकडी वर्गणी काढून भरेल, तिघाचौघांशी माझं बोलणं झालं आहे. माझा फॉर्म पाचव्या रकान्यासह भरून सोबत जोडला आहे. तो छापायचा की नाही हे मंडळानं सगळ्यांनी वाचून ठरवावं. छापखान्यात मजकूर कोणत्या तारखेपर्यंत द्यायचा आहे तेवढं कळवा, म्हणजे येत्या रविवारपासून लोकांना भेटायला लागतो.

आपला,
एक माजी विद्यार्थी
दहावी 'ब', मार्च १९८३
लालबाग, मुंबई